सुलक्षणाना बाप

सुलक्षणा : घास खाली ठेव, आई. सगळी खिचडी नानांच्या सदऱ्यावर सांडली.

सुंदरबाई : सांडू दे. धुई टाकसू. खातीन ते, जरा थांब तू. आयका ना... ओ सुलक्षणाना बाप! देखा, मूगनी खिचडी शे. तूप टाकेल शे. एकच घास ल्या. ...नई. देख, ओठ कसा घट्ट दाबी धरात. मनाकडे देखतस बी नई.

सुलक्षणा : कालपासून असंच?

सुंदरबाई : परवा थोडी पेज पिधी व्हती. काल तेबी नई. चमचाघाई पानी टाकं, ते बी बाहेर उनं.

सुलक्षणा : तुझ्या लेकाने, स्वप्नीलने तुला सांगितलं ना डॉक्टर काय म्हणाले ते? संध्याकाळी गाडी घेऊन येतोय तो. तोवर पोटात काही गेलं तर ठीक, नाहीतर सरळ जळगावला. दवाखान्यात नाकातून नळी घालतील.

सुंदरबाई : घालू देत. कसंबी पोटमा जावाले पाहिजे.

सुलक्षणा : घालू देत काय! पेशंट नळी ओढून काढतो म्हणून हात बांधतात, आई. पलंगाच्या दांडीला. माझ्या सासऱ्यांचे बांधले होते. शेवटपर्यंत सोडले नाहीत. मला ओळखत होते ते, डोळ्यांनी सांगत होते सोड म्हणून. आणि मी नुसती काचेपलीकडे उभी.

सुंदरबाई : ह्या हातघाई त्यासनी एवढी मोठी एसटी चालाडी. घाटमाथून बी चालाडी. हाई हात बांधतीन?

सुलक्षणा : म्हणून तर पहिल्या गाडीने धावत आले ना धुळ्याला. डॉक्टर आणखी एक म्हणालेत. तेवढं करून बघू. घरातल्या माणसाने, ओळखीच्या आवाजात, नाव घेऊन हाक मारायची. 'अहो' नाही, 'आयका' नाही. नाव.

सुंदरबाई : मंग मार ना तू. तुना बाप शे.

सुलक्षणा : सकाळी मी आले तेव्हा नाना मला काय म्हणाले, ऐकलंस ना? 'बाई, तुमी कोन गावन्या?' मी सुलक्षणा आहे हेच त्यांना ठाऊक नाही. मग सुलक्षणाचा बाप कोण, ते कसं ठाऊक असेल? तू सकाळपासून हाका मारतेयस त्या माणसाला, आई. तो तिथे नाहीये.

सुंदरबाई : असं बोलू नको. समोर बठेल शेतस ते.

सुलक्षणा : बसलेत ना. म्हणून तर म्हणतेय, नाव घे.

सुंदरबाई : मना तोंडमा ते नाव येवाव नई. तुले काय नवीन शे का?

सुलक्षणा : नवीन कसलं! चतुर्थीला मला गच्चीवर पिटाळायचीस, 'जाय, तो उगना का देख.' तो कोण? तर 'वरला'. चंद्र म्हणून म्हणायची नाहीस, का तर नानांच्या नावात चंद. शाळेत बाईंनी आकाशातल्या गोष्टी विचारल्या, तर मी सूर्य, तारे आणि वरला म्हणून सांगून आले. अख्खा वर्ग हसला होता मला.

सुंदरबाई : ते बी हासेत. म्हनेत, सुलीनी माय, एक दिन तो वरला खाले उतरी आन तुले जाब इचारी, मी तुनं काय घोडं मारं? ...किती हासेत तवय. पोट धरी धरी हासेत.

सुलक्षणा : आणि कानबाईच्या सणाला, रोटांना? सगळ्या बाया तुला मुद्दाम मध्ये बसवायच्या, नाव घे नाव घे म्हणून. काय होता गं तुझा तो उखाणा?

सुंदरबाई : जाऊ दे ना व. आते काय त्यानं?

सुलक्षणा : सांग ना.

सुंदरबाई : 'दारमा मोगरा, घरमा त्याना गंध, पिंपळनेरनी गाडी हाकस मना...'

सुलक्षणा : आणि तिथेच थांबायचीस! बाकीच्या बाया ओरडायच्या, 'रुपचंद!' आणि तू पदरात तोंड लपवायचीस. एवढा उखाणा रचायचा आणि नाव दुसऱ्यांनी घ्यायचं.

सुंदरबाई : मंग? घरमा त्यासले आयकू जाये ना. दारमा उभा ऱ्हायेत, ढोंगी मानूस. मी थांबनू का मिशामा हासेत. न बोलता बी त्यासले आयकू जाये.

सुलक्षणा : तेव्हा जायचं, आई. मी कॉलेजात पोरींना हेच शिकवते. नाव न घेता माणूस नेमका डोळ्यांपुढे उभा करायचा, यात बोलण्याची सगळी गोडी आहे म्हणून. ओवीतली बाई नवऱ्याला कुंकू म्हणते, चुडा म्हणते, आणि ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं. तुझं उदाहरण देते मी वर्गात. पोरी खुश होतात.

सुंदरबाई : मनं? जळगावमा? काय अवदसा आठवनी तुले! ...मंग, त्यामा चुकनं काय मनं?

सुलक्षणा : चुकलं कुठे म्हणतेय मी? पण अर्धं तू बोलायचीस आणि अर्धं नानांच्या डोक्यात असायचं. दोन्ही मिळून एक हाक व्हायची. आता त्यांच्याकडचं अर्धं पुसलं गेलंय. तुझं अर्धं नुसतं हवेत राहतंय गं.

सुंदरबाई : तुनं शिकाडनं कॉलेजमा ठेव. आठे नको.

सुलक्षणा : बरं, राहिलं. मीच हाक मारून बघते. नाना, माफ करा हं. लेक असून नाव घेतेय. ...रुपचंद तोताराम पाटील!

ते : हजर साहेब!

सुलक्षणा : आई! बघितलंस? मान वर केली! अगं, बोलले!

ते : कोनती गाडी?

सुलक्षणा : गाडी नाही नाना. जेवायचं आहे. हे बघा, खिचडी...

ते : पिंपळनेर का साक्री? मना खाकी सदरा कोठे शे? लवकर द्या. टाईम व्हई गया.

सुलक्षणा : नाना, बसा. बसा ना, पडाल! आई, धर गं त्यांना.

ते : जेवन नको साहेब. पब्लिक उभं शे. गाडी काढनी पडी.

सुंदरबाई : बठा. बठा तुमी. गाडी... गाडी आज रद्द झायी.

ते : रद्द? मंग पब्लिक काय करी?

सुंदरबाई : दुसरी येई ऱ्हाहिनी. तुमी बठा. ...देख. मिटं परत तोंड. समाधान झायं तुनं? ते नाव कानवर पडनं का त्यासले डेपो आठोस. घर नई आठोस.

सुलक्षणा : तुला कसं ठाऊक? याआधी कुणी नावाने हाक मारली होती?

सुंदरबाई : नई.

सुलक्षणा : आई.

सुंदरबाई : नई म्हनं ना. ...मारी व्हती. गया मयनामा. तुले सांगं नई, स्वप्नीलले बी सांगं नई. तुमी लगेच त्यासले उचलीसनी लई जातात.

सुलक्षणा : काय झालं होतं?

सुंदरबाई : मी गिरनीवर दयन आनाले गयती. उनू तं घर उघडं, आन ते नईत. बठ्ठी गल्ली देखी. मंग मना मननी सांगं, स्टॅन्डवर जाय. गऊ पयत पयत. तठे एक रिकामी गाडी उभी व्हती आन हाई ड्रायव्हरनी सीटवर बठेल. हात असा चाकवर ठेयेल. मी खिडकीखाले उभी राहीसनी हाका मारू, ओ सुलक्षणाना बाप, उतरा, घर चला. एक डाव नई, घसा कोरडा पडापर्यंत.

सुलक्षणा : मग?

सुंदरबाई : मनाकडे देखं त्यासनी. चांगलं तोंडकडे देखं. आन म्हनात, 'बाई, मांगे जागा शे. मांगे बठा.'

सुलक्षणा : आई गं...

सुंदरबाई : मंग कंट्रोलरले दया उनी. त्यानी भोंगामा नाव पुकारं, आन हाई लगेच उतरनात, सदरा झटकी झटकी. परकं मानूस, भोंगामाथून बोलनं, त्यानं आयकं. आन मी खाले उभी. जशी काय मी तिकीट काढेल बाई शे. सुली, मी तठेच बठनू व, बाकवर. घर कशी उनू ते माले आठोत नई.

सुलक्षणा : आणि तरीही तू नाव घेतलं नाहीस? त्या दिवशीसुद्धा?

सुंदरबाई : तुले ते सोपं वाटस. तू तुना नवराले 'योगेंद्र, दूध आन, योगेंद्र, कचरा टाक' करस. आयुष्य कमी होस म्हनतस नाव लिधं का. मी कवय त्यानी परीक्षा लिधी नई.

सुलक्षणा : आणि आता? कालपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. आता आयुष्य कशाने कमी होतंय, सांग ना! नाव घेतल्याने की न घेतल्याने?

सुंदरबाई : वरडू नको मनावर.

सुलक्षणा : ओरडत नाहीये. रडायला येतंय मला, म्हणून आवाज चढतोय. पाया पडते तुझ्या. एकदा घे. फक्त एकदा.

सुंदरबाई : तुना आजा गया तवय तू नव्हती. मी नवीनच व्हतू ह्या घरमा. मनी सासूनी जलमभर सासरासनं नाव लिधं नई. वावरमा जेवन लई जाये, बांधवर उभी ऱ्हाये, खोकले. खोकली का तो मानूस औत सोडी. मंग ते गयात. त्यासले उचलं, अंगनमाथून बाहेर काढं, आन ती पयत गयी मांगे. डोकावरना पदर पडी गया तिना. आन तिनी नाव लिधं. 'तोताराम! अरे तोताराम, थांब ना रे!' कोनी तिना तोंडथून ते नाव कवय आयकेल नव्हतं. मी मना कान झाकी लिधात.

सुलक्षणा : तू हे कधी सांगितलं नाहीस मला.

सुंदरबाई : कसं सांगू? तवयपशी मना मनमा एकच शे. बाई नवरानं नाव ली तं असं ली. तो उठावा नई तवय ली. आन तू म्हनस, खिचडीसाठे ले.

सुलक्षणा : ...चुकले मी. मला माहीत नव्हतं, आई. नको घेऊस. मी स्वप्नीलला फोन करते, लवकर निघ म्हणून. उगीच संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवण्यात काय अर्थ आहे?

सुंदरबाई : हात बांधतीनच का? नक्की?

सुलक्षणा : खोटं कशाला सांगू?

सुंदरबाई : आन मी त्यासना जवय बठनू तं? मीच धरी ठेसू हात. बांधू नका म्हनसू.

सुलक्षणा : आत कुणाला बसू देत नाहीत. काचेतून बघायचं.

सुंदरबाई : काचमाथून. ...फोन ठेव. आन तू बाहेर जाय.

सुलक्षणा : कशाला?

सुंदरबाई : जाय म्हनं ना. तुनामोरे माले जमाव नई. तू त्यासनी आंडेर, लेक शे.

(सुलक्षणा दाराआड जाते. सुंदरबाई पदर कपाळावर ओढून घेते, दाराकडे एकदा बघते आणि त्यांच्या खाटेशी खाली बसते.)

सुंदरबाई : देवा, थोडी येळ कान झाकी ले. मी काय बोलस ते तू आयकू नको. ...आयका का? ओ... रु... नई. नई जमत माले. जीभ अशी दगड व्हई गयी. तुमी हासा बरं एक डाव, दारमा उभा राही हासेत ना, तसा. मंग माले बोलता येई. ...नई. बरं. रु... रुप... रुपचंद.

सुंदरबाई : (मोठ्याने) रुपचंद!

ते : ओ.

सुंदरबाई : ओ म्हनात! सुली! त्यासनी ओ दिधी माले!

ते : काय व, माय?

सुंदरबाई : ...माय नई हो. मी शे. मी, सुलक्षणानी माय.

ते : मनी माय कोठे गयी? आतेच तिनी हाक मारी.

सुंदरबाई : मी मारी. मी घरनी शे तुमनी. बायको शे. मनाकडे देखा ना, एक डाव देखा.

ते : मनी माय बलाव.

सुंदरबाई : आयका ना...

ते : तू नको. मनी माय बलाव.

सुलक्षणा : (दारात येऊन) आई, तोंड फिरवलं त्यांनी. मान खाली घातली परत.

सुंदरबाई : माले दिसस.

सुलक्षणा : त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारी बाई आयुष्यात एकच होती गं. आजी. रोटांना बाया ते ओरडायच्या, पण ती काही त्यांना मारलेली हाक नव्हती.

सुंदरबाई : म्हंजे मी लिधं, आन ते मनी सासूले पोचनं. एवढं जपेल व्हतं मी, सुली. तोंडमाथून पडू दिधं नई. आन आज लिधं, तं ते मना कामले नई उनं. मी कोठेच नई. ना सुलीनी माय, ना बायको. मी कोन शे मंग आठे?

सुलक्षणा : रडू नको. तू घेतलंस, खूप झालं. चल, ऊठ. मी कपडे भरते त्यांचे.

सुंदरबाई : थांब.

सुलक्षणा : आता आणखी काय करणार?

सुंदरबाई : थांब म्हनं ना. ती खिचडी जवय सरकाड. चमचा नको. मी हातघाई भरावस. ...रुपचंद. अरे रुप्या!

ते : माय?

सुंदरबाई : हा रे. मीच शे. आठेच शे मी.

ते : कोठे गयती तू?

सुंदरबाई : वावरमा गयती. उशीर झाया जरा. भूक लागनी का रे?

ते : लागनी ना. कवयनी लागनी. एक बाई उनती, ती भरावे, मी नई खाधं.

सुंदरबाई : काबरं नई खाधं?

ते : मना वळखनी नव्हती.

सुंदरबाई : ...बरं करं. परकान्या हातनं खावानं नई. आते मी उनू ना. उघाड तोंड. हा. चावीसनी खाय. घाई नको करू.

सुलक्षणा : आई... गिळला. गिळला त्यांनी!

सुंदरबाई : हळू बोल. घाबरतीन ते. पानी दे तो तांब्या. ...ले रे रुप्या, पानी पे. ठसका लागी, हळू. अजून एक घास. उघाड.

ते : माय, ती कोन शे दारमा?

सुंदरबाई : पाव्हनी शे. जळगावनी.

ते : रडस का ती?

सुंदरबाई : नई रे. चुल्हानं धुपट लागनं तिना डोयाले. तू खाय. अजून एक.

ते : माय.

सुंदरबाई : काय?

ते : एक इचारू? हासशी नई ना?

सुंदरबाई : नई हासत. इचार.

ते : तिनी खाधं का?

सुंदरबाई : कोनी? पाव्हनीनी?

ते : नई ना. ती. चुल्हापुढे बठेल ऱ्हास ती. नवी. सकायपशी बठ्ठासले वाढी ऱ्हाहिनी. तिले कोनी इचारं नई. मी इचारं तं बठ्ठा हासतीन माले, म्हनतीन बायकोना ध्यान घेस. तू इचार ना, माय.

सुलक्षणा : आई, ते तुझंच...

सुंदरबाई : आयकं मी. आयकं व. तू गप ऱ्हाय.

ते : माय? खाधं का तिनी?

सुंदरबाई : खाधं रे, रुप्या. पोटभर खाधं तिनी. तू तोंड उघाड.